कोबीच्या पानात शिरलेला जिवाणू फवारणीने का हटत नाही?

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. कोबीच्या पानांच्या कडेला पिवळे त्रिकोणी डाग आले, दुकानदाराच्या सांगण्यावरून कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लिन मिसळून दोन-तीनदा फवारले, तरी डाग पुढे सरकतच आहेत, हे का, असा पहिला. जिवाणू पानाच्या आत राहतात असे तुम्हाला कुणीतरी सांगितले, ते खरे असेल तर आतले सगळे जिवाणू मारायचे कसे, हा दुसरा. तिसरा तुमच्या घरातून आला आहे: असा कोबी खायला चालेल का, आणि धुऊनही आतले जिवाणू जात नसतील तर पालेभाजीचे काय करायचे?

हो, जिवाणू पानाच्या आत राहतात. निरोगी पानातही असतात. त्यातले फार थोडे रोगकारक असतात, आणि एकदा आत शिरून वस्ती केलेल्या रोगकारक जिवाणूला बाहेरून फवारून हटवता येईल असे औषध आज आपल्या हाती नाही. म्हणून सगळा जोर तो आत शिरू नये यावर द्यावा लागतो. बी, रोप, पाणी आणि जुने अवशेष या चार ठिकाणी काम केले तर हा रोग आटोक्यात राहतो. पुढचे सगळे उत्तर याच मुद्द्याभोवती आहे.

आधी रोगाची खात्री करू. पानावर डाग दिसला की आपल्याकडे सरसकट 'करपा आला' म्हणतात आणि बुरशीनाशक आणतात. तुम्ही वर्णन केलेला डाग मात्र वेगळा आहे. तो पानाच्या कडेला सुरू होतो, कडेला रुंद असतो आणि त्याचे टोक मधल्या शिरेकडे वळलेले असते, म्हणजे इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा. आधी पिवळा पडतो, मग वाळून तपकिरी होतो. डागातले पान उजेडात धरून पाहा, बारीक शिरांचे जाळे काळे पडलेले दिसेल. देठ आडवा कापला तर त्यातही काळे ठिपके किंवा काळी कडी दिसते. हे सगळे जुळले तर तो घाण्या रोग. तो झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, मोहरी अशा सगळ्या कुळाला धरतो. रोग नवा नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १८९० च्या सुमारास त्याचे पहिले वर्णन झाले आणि १८९५ मध्ये आयोवातल्या पॅमेल यांनी तो जिवाणूमुळे होतो हे दाखवले.

अजून शंका असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात ताजे पान न्या. डागाच्या कडेचा, अर्धा हिरवा अर्धा पिवळा असा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की कापलेल्या शिरेतून जिवाणूंचा गढूळ लोट बाहेर पडताना दिसतो. बुरशीच्या डागातून असा लोट येत नाही. काही मिनिटांचे काम आहे, आणि चुकीच्या औषधावर होणारा कितीतरी खर्च त्याने वाचतो. पान पूर्ण वाळलेले नेऊ नका. सडलेल्या पानात दहा जातींचे जिवाणू घुसलेले असतात आणि मूळ गुन्हेगार त्यात सापडत नाही.

आता पानाच्या आत काय आहे ते पाहू, कारण ते समजले की फवारणी का फसते हे आपोआप कळते. पान बाहेरून सपाट आणि बंद दिसते. वरखाली पेशींचा एकेक पातळ थर आणि त्यावर मेणाचा लेप. आतमध्ये मात्र पेशी सैल रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा असते. त्या जागेत हवा असते, पेशींच्या भिंतींवर पाण्याचा अतिपातळ थर असतो आणि त्यात थोडी साखर, थोडी अमिनो आम्ले विरघळलेली असतात. बाहेर ऊन, वारा, कोरडेपणा आणि अतिनील किरण. आत सावली, ओल आणि खाद्य. एक-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांबीच्या जिवाणूला राहायला याहून चांगली जागा नाही. पानाच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला दहा लाख ते एक कोटी जिवाणू सहज असतात. ते बहुतेक निरुपद्रवी असतात आणि बाहेरच राहतात. आत जाणाऱ्यांची संख्या त्या मानाने फार कमी असते.

आत जायला वाटा चार. पहिली पर्णरंध्रे, म्हणजे पान ज्यातून श्वास घेते ती छिद्रे, चौरस सेंटीमीटरला हजारोंच्या संख्येने. दुसरी जखमा: अळीने कुरतडलेली, गारपिटीने फाटलेली, वाऱ्याने घासलेली, खुरपणीत मोडलेली. तिसरी वाट बियाण्यातूनच, म्हणजे रोप उगवतानाच जिवाणू सोबत घेऊन येते. चौथी वाट फारशी कुणाला माहीत नसते, आणि तुमच्या कोबीत नेमकी तीच महत्त्वाची आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

पहाटे कोबीच्या शेतात गेलात तर पानांच्या कडेने ओळीने थेंब बसलेले दिसतात. त्याला आपण दव समजतो. दव पानभर पसरते. हे थेंब फक्त कडेला, शिरा जिथे संपतात तिथेच असतात. ते पानाने आतून बाहेर टाकलेले पाणी असते. रात्री जमीन ओली असते, हवा दमट असते, पानातून बाष्प उडत नाही, पण मुळे पाणी वर ढकलत राहतात. त्या दाबाने पाणी कडेच्या जलरंध्रांतून, म्हणजे पाणी सोडणाऱ्या छिद्रांतून, बाहेर पडते. या थेंबात साखर आणि नत्रयुक्त पदार्थ असतात, त्यामुळे बाहेरचा जिवाणू त्यात वाढतो. सकाळी ऊन वर आले की पान पुन्हा पाणी ओढू लागते आणि तो थेंब आत खेचला जातो, जिवाणूसकट. जलरंध्राच्या मागे थेट शिरेची नळी असते. म्हणून घाण्या रोगाचा डाग कडेला सुरू होतो आणि टोक शिरेकडे जाते. डागाचा आकारच जिवाणूचा रस्ता दाखवतो.

शिरेत शिरलेला झॅन्थोमोनास तिथे एक चिकट डिंक तयार करतो. पाणी वाहून नेणारी नळी त्या डिंकाने चोंदते, पुढच्या भागाला पाणी मिळत नाही, पान पिवळे पडते आणि वाळते. हा डिंक तुम्ही खाल्लेला आहे. आइस्क्रीम, सॉस आणि बेकरीच्या मालात घट्टपणासाठी वापरतात तो झॅन्थन गम याच जातीच्या जिवाणूपासून कारखान्यात बनवतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला, आणि १९६९ मध्ये तिथे खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी मिळाली. कारखान्यात जे उपयोगी पडते तेच कोबीच्या शिरेत प्राण घेते. डिंकाचा दुसरा परिणाम तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे: त्याच्या आवरणात जिवाणूचे औषधांपासून आणि झाडाच्या प्रतिकारापासून संरक्षण होते.

पर्णरंध्राची वाट घेणाऱ्या जिवाणूंची गोष्टही सांगायला हवी, कारण टोमॅटो आणि मिरचीवरचे जिवाणूजन्य ठिपके त्या वाटेने येतात. पूर्वी समज असा होता की छिद्र उघडे असले की जिवाणू आत जातो, झाड काही करत नाही. २००६ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठात मायेली मेलोट्टो आणि शेंग यांग हे यांच्या गटाने दाखवले की पानाला जिवाणू ओळखता येतो आणि ते तास-दोन तासांत रंध्रे मिटून घेते. टोमॅटोवर ठिपके पाडणारा स्यूडोमोनास मात्र कोरोनॅटिन नावाचे विष सोडून तीन-चार तासांत ती रंध्रे पुन्हा उघडायला लावतो. त्याच गटाने २०१६ मध्ये पुढची पायरी सांगितली. आत गेल्यावर हा जिवाणू पेशींमध्ये आपली प्रथिने टोचतो आणि पेशींमधल्या हवेच्या जागेत पाणी साठवायला लावतो. पानाखाली दिसणारा तेलकट, पाणचट डाग तो हाच. हवा दमट असेल तरच हे जमते, हवा कोरडी असेल तर बऱ्याच अंशी फसते. आपल्याकडे डाळिंब उत्पादकाला तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा डाग जसा ओळखीचा आहे, तसाच हा पाणचटपणा टोमॅटोवाल्याने ओळखायला शिकावे. सलग ढगाळ, पावसाळी दिवसांत रोग का भडकतो आणि ऊन पडून दोन-तीन दिवस वारा सुटला की का थबकतो, याचे उत्तर इथे आहे. ऊन पडल्यावर रोग थांबला की शेवटच्या फवारणीला श्रेय मिळते. बऱ्याचदा ते श्रेय हवेचे असते.

मग फवारणीचे काय? कॉपर ऑक्सिक्लोराइड असो, कॉपर हायड्रॉक्साइड असो की बोर्डो मिश्रण, तांब्याची सगळी औषधे पानावर बसतात. ओल आली की त्यातून तांब्याचे आयन सुटतात आणि पृष्ठभागावरचा जिवाणू मरतो. पानाच्या आत ती जात नाहीत, आणि जाऊही नयेत, कारण आत गेलेले तांबे पेशीच जाळते. म्हणजे तांबे दाराबाहेरचा पहारा करते. पाऊस येण्याआधी, नवीन पाने निरोगी असताना मारले तर त्याचा उपयोग होतो. डाग पडून गेल्यावर, जिवाणू शिरेत बसल्यावर मारले तर निरोगी पानांचे थोडे रक्षण होते, डागाचे काहीही बिघडत नाही. शिवाय संसर्ग झाल्यापासून डाग दिसेपर्यंत एक ते दोन आठवडे जातात. आज दिसणारा त्रिकोण आठ-पंधरा दिवसांपूर्वीच्या पावसाचा आहे, त्यामुळे 'फवारल्यावरही नवे डाग आले' हे होणारच. ते आधीच आत होते.

स्ट्रेप्टोसायक्लिनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: भाजीपाल्यावर वापरू नका. हे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांचे मिश्रण आहे. पानात ते थोडेफार शिरते, पण शिरेत डिंकाच्या आवरणात बसलेल्या वस्तीला संपवण्याइतके पोचत नाही. अर्धवट मात्रा पोचली की जे जिवाणू औषध सहन करतात तेवढेच उरतात आणि वाढतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात टोमॅटो-मिरचीवरच्या झॅन्थोमोनासला स्ट्रेप्टोमायसिन चालेनासे झाल्याचे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसले होते, आणि १९८० च्या दशकात तिथे तांब्यालाही दाद न देणारे जिवाणूचे वाण नोंदले गेले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर सापडलेले पहिले प्रभावी औषध. ते निष्प्रभ करणारी जी जनुके वनस्पतींच्या जिवाणूंत सापडतात, तीच माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंतही सापडलेली आहेत. केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस शेतीतला या मिश्रणाचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला तो याच कारणाने. क्षयरोगाचे एवढे रुग्ण असलेल्या आपल्या देशात, ज्या रोगावर हे औषध पुरते चालतही नाही त्यासाठी ते कोबीवर उडवणे मला पटत नाही.

चालू पिकात काय करता येईल ते आता. पाने ओली असताना शेतात शिरू नका, खुरपणी नको, फवारणीही नको. हात, कपडे आणि पंपाची नळी या ओळीतून त्या ओळीत जिवाणू नेतात. तुषार सिंचन चालू असेल तर बंद करून ठिबकवर या. ठिबक नसेल तर सरीने पाणी द्या, पण सकाळी. संध्याकाळी भरपूर पाणी दिले की रात्री मुळांचा दाब वाढतो आणि पहाटे कडेला जास्त थेंब येतात, म्हणजे आपणच दार उघडून देतो. युरियाचे जादा हप्ते थांबवा. लुसलुशीत पानात रोग वेगाने पसरतो. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीचा बंदोबस्त करा, कारण तिने पाडलेले प्रत्येक भोक ही जखम आहे. शेतात रोग अजून तुरळक असेल तर ती रोपे कोरड्या हवेत, दुपारी, उपटून पोत्यात भरून बाहेर न्या. बांधावर फेकू नका. निम्म्याहून जास्त प्लॉट धरला असेल तर औषधावर आणखी पैसे घालवू नका. गड्डे तयार होत आले असतील तर लवकर काढा, कारण घाण्याने मेलेल्या भागातून मऊकूज करणारे दुसरे जिवाणू शिरतात आणि मग गड्डा दुर्गंधी सुटून आतून सडतो. शेतातून बरा दिसणारा माल गाडीत सडला अशी तक्रार बऱ्याचदा यामुळेच असते.

खरी लढाई पुढच्या लागवडीची आहे आणि ती बियाण्यापासून सुरू होते. १०,००० बियांत ३ ते ५ रोगट बिया असल्या तरी अनुकूल हवेत सगळा प्लॉट धरू शकतो. म्हणूनच बियाणे कंपन्यांच्या तपासणीत एका लॉटमधल्या ३०,००० बियांचा नमुना घेण्याची पद्धत आहे. एका रोगट बीचे एक रोप होते, ते रोपवाटिकेत प्रो-ट्रेमध्ये (खाचांच्या प्लास्टिक तबकात) शेजारच्या रोपांना चिकटून वाढते, वरून झारीने किंवा फॉगरने पाणी पडते, आणि थेंब उडून शेजारची रोपे जिवाणू घेतात. रोपवाटिकेत हवा थंड असेल, विशेषतः पंधरा-सोळा अंशांच्या खाली, तर लक्षणे दिसतच नाहीत. हिरवीगार रोपे तुम्ही घेऊन येता, लागवड होते, हवा पंचवीस ते तीस अंशांवर जाते आणि मग त्रिकोण दिसू लागतात. शेतात रोग ठरावीक कप्प्यांत, जणू ट्रे ट्रेने, सुरू झालेला दिसला तर तो रोपांतून आला असे समजा.

घरचे किंवा प्रक्रिया न केलेले बी वापरत असाल तर गरम पाण्याची प्रक्रिया करा. याबद्दल सगळे बोलतात आणि नीट फार थोडे करतात. बी सैल विणीच्या कापडी पुरचुंडीत अर्धवट भरून घ्या, म्हणजे पाणी सगळीकडे फिरते. आधी दहा मिनिटे ३८ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. मग नेमक्या ५० अंश सेल्सिअस पाण्यात कोबीचे बी २५ मिनिटे, फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे २० मिनिटे. पाणी सतत हलवत राहा. नंतर लगेच गार पाण्यात पाच मिनिटे, आणि सावलीत पातळ पसरून वाळवा. तापमापी चांगली हवी. हाताला चटका बसतो म्हणजे पन्नास अंश, हा हिशोब चालत नाही. दोन अंश कमी पडले तर जिवाणू जगतो, दोन अंश जास्त झाले तर बी मरते. जुने, कमकुवत बी ही प्रक्रिया सोसत नाही, म्हणून आधी शंभर बियांवर करून उगवण पाहा आणि मगच सगळ्या बियांना करा. पाकिटातले रंगीत, औषध लावलेले संकरित बी मात्र गरम पाण्यात टाकू नका. लेप धुऊन जातो, उगवण बिघडली तर कंपनीकडे दादही मागता येत नाही. तिथे पाकिटावर लॉट क्रमांक जपून ठेवणे आणि बियाणे रोगमुक्त तपासलेले आहे का हे विचारणे एवढेच आपल्या हातात असते, आणि ते विचारायलाच हवे.

फेरपालटाबद्दल थोडक्यात. हा जिवाणू नुसत्या मातीत फार काळ टिकत नाही, काही आठवड्यांत संपतो. कोबीच्या दांड्यात आणि पानांच्या अवशेषांत मात्र ते कुजेपर्यंत, म्हणजे दोन वर्षांपर्यंत तग धरतो. काढणीनंतर बुंधे शेतात उभे सोडण्याची आपल्याकडची सवय त्याच्या सोयीची आहे. रोटाव्हेटरने बारीक करून लगेच जमिनीत गाडा म्हणजे लवकर कुजतील, आणि दोन-तीन वर्षे त्या तुकड्यात कोबीवर्गीय काही घेऊ नका. बांधावरची रानमोहरी काढा, तिच्यावरही तो राहतो. मका, कांदा, कडधान्य यांचा बेवड चांगला.

आता तुमचा दुसरा प्रश्न: आतले सगळे जिवाणू मारायचे कसे? मारायचे नाहीत. निरोगी पानाचा तुकडा अल्कोहोल आणि ब्लीचिंगच्या द्रावणात बाहेरून पूर्ण निर्जंतुक करून, शेवटचे धुवण निर्जंतुक असल्याची खात्री करून मग वाटला आणि पोषक माध्यमावर पसरला, तरी दोन दिवसांत वसाहती उगवतात. त्या आतून आलेल्या असतात: बॅसिलस, स्यूडोमोनास (टोमॅटोवरच्या रोगकारकाचे निरुपद्रवी भाईबंद), पँटोइया अशा जाती. आणखी एक सोपा प्रयोग विद्यार्थ्यांना मी आवर्जून करायला सांगतो. मिथेनॉल हेच एकमेव खाद्य असलेल्या माध्यमावर पान हलके दाबून उचलायचे. तीन-पाच दिवसांत पानाच्या आकाराचा गुलाबी ठिपक्यांचा ठसा उमटतो. ते मिथायलोबॅक्टेरियम. वाढत्या पानाच्या पेशीभित्तिकेतून मिथेनॉल सुटते, रंध्रांतून बाहेर येते आणि हे जिवाणू त्यावर जगतात. त्यांची मुख्य वस्ती पानावर, थोडी आतही. त्यांनी पिकाचे काही बिघडत नाही, उलट ते वाढीला मदत करणारी संप्रेरके सोडतात. झाडाच्या आत राहणारा जिवाणू पिकाचे भले करतो हे ऊस पिकवणाऱ्याला तर सांगायलाच नको. ॲसिटोबॅक्टर म्हणून आपण जे संवर्धक (जिवाणू खत) बेण्याला लावतो, त्यातला जिवाणू उसाच्या आत राहून हवेतला नत्र बांधतो. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९८८ मध्ये केले.

भाजीपाल्यात अशा उपयोगी जिवाणूंची उत्पादने दुकानात मिळतात. काहींचा उपयोग होतो, पण प्रयोगशाळेत दिसणारा परिणाम शेतात दरवेळी तेवढा मिळत नाही, हे धरून चाला. बॅसिलस किंवा स्यूडोमोनासचे संवर्धक द्यायचे तर प्रो-ट्रेमध्ये आणि लागवडीच्या वेळी मुळे बुडवून द्या, जागा रिकामी असताना. रोग आत बसल्यावर वरून फवारून तो बाहेर निघणार नाही. आणि हे लक्षात ठेवा: बॅसिलस, स्यूडोमोनास एका आठवड्यात आणि त्याच आठवड्यात तांबे किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन, असे करणाऱ्याने पहिल्या डब्याचे पैसे मातीत घातले. तांबे रोगकारक आणि उपयोगी असा भेद करत नाही.

घरच्यांच्या प्रश्नाकडे येतो. घाण्या रोगाचा जिवाणू माणसाला आजारी पाडत नाही. डाग पडलेली बाहेरची पाने काढून आतला घट्ट, निरोगी गड्डा खुशाल खा. दुर्गंधी सुटलेला, बुळबुळीत झालेला फेका.

काळजी करायची ती वेगळ्या जिवाणूंची, जे मुळात गुराच्या किंवा माणसाच्या आतड्यातले आहेत: ई. कोलायचे विषारी वाण, साल्मोनेला. कच्चे शेणखत, सांडपाणी, पुराचे पाणी यांच्यामार्फत ते पानावर येतात, आणि थोडे आतही जाऊ शकतात. इस्राएलमधल्या २००९ च्या एका अभ्यासात लेट्यूसच्या उजेडातल्या पानांत साल्मोनेला उघड्या रंध्रांतून शिरताना दिसला. अंधारात ठेवलेल्या पानांत शिरकाव कमी होता. २००६ मध्ये अमेरिकेत पिशवीबंद पालकातून ई. कोलायची साथ आली, २६ राज्यांत सुमारे २०० जण आजारी पडले, ३ दगावले. तोच वाण कॅलिफोर्नियातल्या शेतालगतच्या गुरांच्या शेणात आणि रानडुकरांत सापडला. २०११ मध्ये जर्मनीतली साथ त्याहून भीषण: ३,८०० हून अधिक आजारी, ५० हून अधिक मृत्यू, आणि कारण मोड आणलेली मेथी. बी इजिप्तमधून आले होते. मोड आणताना ऊब आणि ओल मिळते, बीवरचा एक जिवाणू दोन-तीन दिवसांत लाखांत जातो.

यातून घरात काय करायचे? भाजी वाहत्या पाण्यात धुवा, पाने सुटी करून. त्याने बाहेरचे बहुतेक जिवाणू जातात. क्लोरीनच्या पाण्यानेही शंभरातले नव्वद ते नव्याण्णव जातात, आतले आणि पानाच्या सुरकुत्यांत अडकलेले राहतात. मिठाच्या पाण्याने अळ्या आणि मावा सुटून येतो, जिवाणूंवर त्याचा फारसा परिणाम नाही. उन्हातून आणलेली गरम भाजी एकदम बर्फगार पाण्यात बुडवू नका. गार झाले की पानातली, फळातली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते, त्यातल्या जिवाणूसकट. आधी सावलीत निववा, मग साध्या पाण्यात धुवा. शिजवलेल्या भाजीची काळजी नको. पातळ भाजी, थालीपीठ, परतलेला पालक यांत सत्तर अंशांच्या वर उष्णता पोचते आणि आतले-बाहेरचे सगळे मरतात. सांभाळायचे ते कच्च्या खाण्यात: मेथीची पचडी, कोबीची कोशिंबीर, वरून पेरलेली कोथिंबीर, पाणीपुरीच्या पाण्यातला पुदिना. या भाज्या कुठल्या पाण्यावर वाढल्या हे माहीत असेल तरच कच्च्या खाव्यात. शहराच्या नाल्याकाठी पिकलेली पालेभाजी कितीही हिरवी आणि स्वस्त असली तरी शिजवूनच खावी. घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर मोड आलेली कडधान्येही वाफवून द्यावीत.

पिकवणारे म्हणून तुमच्यावर जबाबदारी आहे ती शेणखताची. कच्चे शेण पालेभाजीच्या वाफ्यात घालू नका. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, जमिनीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चे शेण काढणीच्या निदान १२० दिवस आधी मातीत मिसळलेले असावे अशी अट आहे. मेथी आणि कोथिंबीर दीड-दोन महिन्यांत निघतात, म्हणजे त्यांच्यासाठी पूर्ण कुजलेले खतच हवे. शेततळ्यात गुरे उतरत असतील तर कुंपण घाला, आणि काढणीनंतर भाजी धुण्यासाठी त्या तळ्याचे पाणी वापरू नका.

तुमच्या प्लॉटचे एक काम या आठवड्यात करा. रोगट झाडे कुठे आहेत त्याचा कच्चा नकाशा कागदावर काढा, रोपे कोणत्या तारखेला आली, कोणत्या ट्रेतली कुठे लागली, लॉट क्रमांक कोणता, पाणी कोणत्या टोकाकडून सुरू होते, गेल्या दोन वर्षांत त्या तुकड्यात काय होते, ते लिहा. जिवाणू बियाण्यातून आला, रोपवाटिकेतून आला की जुन्या बुंध्यांतून, हे बरेचसे त्या कागदावरूनच सांगता येईल, आणि पुढच्या हंगामात कोणता दरवाजा बंद करायचा तेही. कागद आणि ताजी पाने घेऊन या.